‘आणि पार्टी’मधला माणूस



आमच्या घरी रविवारची सकाळ म्हणजे अर्ज लिहिण्याची वेळ. कारकुनी करणाऱ्या माणसाला गावात हे काम आपोआप चिकटते. कुणाला रेशनकार्डात सुनेचे नाव घालायचे असते, कुणाला जातीचा दाखला हवा असतो, कुणाची पेन्शन अडकलेली असते. गेल्या पावसाळ्यात अशाच एका रविवारी लोणी काळभोरच्या आमच्या घरी नाना आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत अर्जाचा नमुना. राज्य शासन ज्येष्ठ साहित्यिकांना आणि कलाकारांना मानधन देते, त्याचा तो अर्ज होता. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या गरजू कलावंतांसाठी ही योजना आहे आणि २०२४ पासून तिची रक्कम दरमहा पाच हजार रुपये झाली आहे. नानांचे वय बहात्तर. चाळीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवले.

नाव, पत्ता, वय, उत्पन्न हे सगळे भरून झाले. मग तो रकाना आला. कलाक्षेत्रातील कामाचा तपशील आणि त्याचे पुरावे.

आम्ही विचारले, "नाना, काही कागद आहे का?"

"कागद कसला भाऊ? आमी वाऱ्यावर वाजवनारी मानसं."

खरेच होते ते. बँडच्या गाडीवर मालकाचे नाव. पावतीपुस्तकावर मालकाचे नाव. मोठ्या ड्रमवर गोल अक्षरांत रंगवलेले तेही मालकाचेच. आम्ही फोटोचे विचारले तेव्हा नाना हसले. "लग्नाच्या अल्बममदी आमी कुटं आसतो? नवरदेव घोड्यावर आन् आमी म्होरं धुळीत. फोटोवालाच म्हनतो, बँडवाले बाजूला व्हा."

मग त्यांनी पिशवीतून एक कॅसेट काढली. नव्वदच्या दशकात जयंतीच्या गाण्यांची निघालेली. तिच्यात नानांनी ट्रंपेट वाजवले होते. कव्हरावर गायकाचे नाव ठळक, गीतकाराचे बारीक, आणि गायकाच्या नावापुढे दोन शब्द, ‘आणि पार्टी’. त्या शब्दांवर बोट ठेवून नाना म्हणाले, "ह्या पार्टीत मी हाय."

ते दोन शब्द काही आमच्या डोक्यातून जाईनात. आयुष्यभर दुसऱ्याच्या बँडमध्ये वाजवणाऱ्या माणसाचे नाव शेवटी कुठे लागते? त्यावरून आम्हाला एका परदेशी ट्रंपेटवाल्याची गोष्ट आठवली. स्वतःच्या नावाची रेकॉर्ड निघायला त्याला पन्नाशी उलटावी लागली, आणि ती निघाली ती आपल्या मुंबईत. ती गोष्ट आज सांगावीशी वाटते.

त्याचे नाव क्रिकेट स्मिथ. नाव वाचून हसू नका, त्याचा बॅटबॉलशी काही संबंध नव्हता. मूळ नाव विल्यम, क्रिकेट हे टोपणनाव. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला एका निग्रो कुटुंबात, म्हणजे ज्यांना आज कृष्णवर्णीय म्हणतात त्यांच्यात, त्याचा जन्म झाला. तिथली गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ साली. म्हणजे स्मिथच्या आईबापांच्या पिढीने ती डोळ्यांनी पाहिलेली. कायदा आला तरी पाणी पिण्याचे नळ वेगळे, शाळा वेगळ्या, रेल्वेचे डबे वेगळे हे पुढे कित्येक वर्षे चालूच राहिले.

अशा समाजाच्या हातात लष्करी बँडची वाद्ये आली. कर्नेट, ट्रंपेट, ट्रॉम्बोन, क्लॅरोनेट, ड्रम. न्यू ऑर्लिन्स शहरात या लोकांचे बँड मिरवणुकीत वाजत, जत्रेत वाजत आणि मयतालाही वाजत. स्मशानात जाताना संथ, रडवेले सूर आणि परत येताना पाय आपोआप उचलतील अशी उडती चाल. याच वादनातून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे संगीत उभे राहिले त्याला जगाने जॅझ म्हटले. त्यात चाल ठरलेली असते, पण तिच्यात आपापल्या पाळीला प्रत्येक वादक आपल्या मनाचे काही घालतो. आपला सनईवाला किंवा बँडमधला क्लॅरोनेटवाला एखादे गाणे वाजवताना मध्येच चार जागा आपल्या घेतो ना, तसेच समजा.

स्मिथने सुरुवात केली ती गावोगाव फिरणाऱ्या तमाशासारख्या मंडळ्यांमध्ये. मग तो न्यूयॉर्कला आला. तिथे जेम्स रीझ युरोप नावाचा एक मोठा कृष्णवर्णीय बँडमास्तर होता. १९१२ साली त्याने आपल्या लोकांचा मोठा वाद्यवृंद न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये नेला. जिथे गोऱ्यांचे अभिजात संगीत चाले तिथे तो कार्यक्रम झाला. १९१३ साली व्हिक्टर या मोठ्या रेकॉर्ड कंपनीने त्याच्याशी करार केला. कृष्णवर्णीयांच्या वाद्यवृंदाला मोठ्या कंपनीने रेकॉर्डसाठी बोलावण्याची ही अगदी सुरुवातीची वेळ. १९१३-१४ च्या त्या रेकॉर्डवर कर्नेट वाजते ते क्रिकेट स्मिथचे. कर्नेट म्हणजे ट्रंपेटचाच आखूड भाऊ.

पण रेकॉर्डवर नाव कुणाचे? युरोपचे. ते योग्यही होते, बँड त्याचा होता. स्मिथ मात्र ‘आणि पार्टी’त होता.

त्या काळी रेकॉर्ड कशी करत हेही सांगण्यासारखे आहे. मायक्रोफोन नव्हता. भिंतीतून एक मोठा कर्णा बाहेर आलेला असे आणि वादकांनी त्याच्यासमोर गर्दी करून वाजवायचे. आवाजाच्या धक्क्याने पलीकडची सुई मेणावर रेघ ओढत जाई. ज्याचे वाद्य मोठ्या आवाजाचे त्याला कर्ण्यापासून दूर उभे राहावे लागे, नाहीतर बाकीच्यांचे सूर त्यात बुडून जात. ज्याच्या छातीत जास्त दम तोच सर्वांत मागे!

पहिले महायुद्ध संपल्यावर स्मिथ पॅरिसला गेला, लुई मिचेल या ड्रमवाल्याच्या ‘जॅझ किंग्ज’ या बँडबरोबर. अमेरिकेत ज्या हॉटेलात वाजवायचे त्याच हॉटेलात बसून जेवता येत नसे. पॅरिसमध्ये तेवढे तरी येत होते. म्हणून अनेक कृष्णवर्णीय वादकांनी तेव्हा समुद्र ओलांडला. १९२२-२३ च्या सुमारास या बँडच्याही रेकॉर्ड निघाल्या. त्यांच्यावर नाव मिचेलचे. स्मिथ तेव्हा चाळिशीत. हाताखाली तरुण पोरे तयार होत होती, वाद्यात मुरलेला माणूस, आणि नाव पुन्हा दुसऱ्याचेच.

१९३५ च्या हिवाळ्यात लिऑन ॲबी नावाच्या व्हायोलिनवाल्याचा कृष्णवर्णीयांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्या बँडबरोबर क्रिकेट स्मिथ मुंबईत उतरला. हंगाम संपल्यावर ॲबी युरोपला परतला आणि मुंबईत बँडचा म्होरक्या झाला स्मिथ. १९३६ साली मुंबईत त्याच्या बँडच्या रेकॉर्ड निघाल्या. त्यांच्यावर नाव छापले, ‘क्रिकेट स्मिथ अँड हिज सिम्फोनियन्स’. त्यातली एक धून होती ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’. तिचा रचनाकार मीना सायलस हा मुंबईच्या बगदादी ज्यू समाजातला. विचार करा, अमेरिकेच्या कॅन्ससचा कृष्णवर्णीय वादक, बगदादहून मुंबईत स्थायिक झालेल्या ज्यू समाजातला रचनाकार आणि रेकॉर्ड मुंबईची! कुलाब्याच्या समुद्राने असा मेळ घातला.

आज आपण अल्बम म्हणतो तसा दहाबारा गाण्यांचा अल्बम तेव्हा नव्हता. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे वाजणारी ती जड काळी तबकडी, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणारी. अशा सुट्या तबकड्या ठेवायला फोटोच्या वहीसारखी पानापानांची जाड वही मिळे, तिला अल्बम म्हणत. तेच नाव पुढे रेकॉर्डला लागले. तबकडी बनत असे लाखेपासून. आपल्या आया-बहिणी लाखेच्या बांगड्या घालत आल्या तीच लाख. ती मोठ्या प्रमाणात जाई आपल्याच देशातल्या छोटा नागपूरच्या जंगलातून. पळस, कुसुम, बोर या झाडांवरचा किडा ती तयार करतो आणि आदिवासी ती खरवडून काढतात. जगभरच्या रेकॉर्डमध्ये त्यांचेही श्रम होते. त्यांचे नाव तर कुठेच नाही.

१९३६ पर्यंत मायक्रोफोन आलेला होता. आता मोठ्या आवाजाच्या माणसाला दूर हाकलण्याची गरज उरली नव्हती. १९१३ साली कर्ण्यात वाजवलेला माणूस तेवीस वर्षांनी मुंबईत मायक्रोफोनपुढे म्होरक्या म्हणून उभा राहिला. ट्रंपेट हे म्हातारपणाचे वाद्य नव्हे. सगळा खेळ ओठांचा, दातांचा आणि दमाचा. तीन बटणे दाबून सगळे सूर निघत नाहीत. ओठ आवळून, वारा रोखून ते काढावे लागतात. नानांच्या वरच्या ओठाला आजही घट्टा आहे. कवळी बसवल्यापासून वरचा सूर लागत नाही, वारा निसटतो, असे ते सांगतात. पन्नाशी उलटलेल्या स्मिथने त्या वयात म्होरकेपण घेतले, ते केवढ्या हिमतीचे काम होते ते वाजवणाऱ्यालाच कळेल.

पण या गोष्टीतला खरा भाग पुढेच आहे. रेकॉर्डवरचे नाव पुन्हा एकदा वाचा. क्रिकेट स्मिथ ‘अँड हिज सिम्फोनियन्स’. मराठीत सांगायचे तर क्रिकेट स्मिथ ‘आणि पार्टी’! ज्याने जन्मभर ‘आणि पार्टी’त काढली त्याला स्वतःची रेकॉर्ड मिळाली, तेव्हा त्याच्यामागेही तेच दोन शब्द लागले. या पार्टीत कोण होते? पियानोवर टेडी वेदरफर्ड, ज्याने पुढे हिंदुस्थानातच दिवस काढले आणि १९४५ साली कलकत्त्यात कॉलऱ्याने प्राण सोडला. सॅक्सोफोनवर रॉय बटलर. क्लॅरोनेटवर रूडी जॅक्सन. हे कुणी लहानसहान वादक नव्हते.

रूडी जॅक्सनची तर एक वेगळीच कथा आहे. तो आधी ड्यूक एलिंग्टन या जगप्रसिद्ध बँडमास्तराकडे होता. १९२७ साली एलिंग्टनने एक धून रेकॉर्ड केली आणि रचनाकारांत जॅक्सनचेही नाव लागले. नंतर लक्षात आले की ती धून किंग ऑलिव्हर या जुन्या कर्नेटवाल्याच्या रेकॉर्डवरची आहे. ऑलिव्हरने हक्क मागितला, त्याला काही मिळाले नाही. जॅक्सनला बँड सोडावा लागला. हा ऑलिव्हर म्हणजे लुई आर्मस्ट्राँगचा गुरू. शेवटच्या काळात तो गरिबीत मेला. म्हणजे नुसते नाव छापून यावे एवढेच पुरत नाही. ज्याचे काम त्याचेच नाव आले पाहिजे. आम्ही वाणिज्य शाखेत शिकलो तेव्हा सरांनी पहिला धडा हाच दिला होता की, ज्याची जमा त्याच्याच खात्यावर लिहावी. दुसऱ्याच्या खात्यावर गेली की बेरीज जुळते, पण हिशेब खोटा असतो.

या परदेशी वादकांना ऐकत आपल्याकडचे वादक तयार झाले. त्यात पुढे होते गोव्याचे. गोव्यात चर्चच्या शाळेत मुलांना लहानपणापासून सूर कागदावर लिहायला आणि वाचायला शिकवत. हल्दोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ हा असाच मुलगा, जन्म १९१६. मुंबईत तो ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रंपेट वाजवू लागला. लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. त्याने स्वतःचा बँड काढला, ताजमध्ये वाजवले, रेकॉर्ड काढल्या. मग स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात दारूबंदी आली आणि हॉटेलांतले बँड मोडत चालले. कागदावरचे सूर वाचणारी ही माणसे सिनेमाच्या रेकॉर्डिंगकडे वळली.

पुणतांब्याला जन्मलेले आपले सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर. त्यांना चिक चॉकलेटचा मोठा हात लागला. १९५१ चा ‘अलबेला’ आपल्यापैकी कुणी पाहिला नाही? गिरणी कामगाराचा मुलगा भगवान पालव त्यात नाचतो आणि अख्खी चाळ त्याच्याबरोबर नाचते. त्या नाचाला जी झिंग चढते ती ट्रंपेटमुळे. चिक चॉकलेट आणि त्याचा बँड त्या सिनेमात पडद्यावरही दिसतो, झालरीचे सदरे घालून. त्याच वर्षी आलेल्या ‘नादान’ या चित्रपटाला त्याने स्वतःच्या नावाने संगीत दिले. १९६७ साली तो वारला तेव्हा वय पन्नाशीच्या आसपास.

हे सगळे वाचून कुणी म्हणेल, ताज हॉटेल आणि सिनेमावाले, आमच्या लोणीला याचे काय? तर लोणी काळभोरची राजबाग आठवा. आज तिथे विद्यापीठ आहे. पूर्वी ती राज कपूरची शेती होती, आणि आमच्या आधीच्या पिढीने तिथली शूटिंगे कुंपणाबाहेर उभे राहून पाहिली. राज कपूरच्या सिनेमांना शंकर-जयकिशन संगीत देत. त्यांच्या गाण्यांत पन्नास-साठ वादकांनी काय वाजवायचे ते कागदावर लिहून देणारा माणूस होता सेबास्टियन डिसोझा, तोही गोव्याचाच. ती गाणी आपल्या घराघरांत पाठ आहेत. पण सेबास्टियनचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले होते?

आणि त्या गाण्यांचे ट्रंपेटचे तुकडे खेड्यापाड्यांत कुणी पोचवले? नानांसारख्यांनी. त्यांना कागदावरचे सूर वाचता येत नव्हते. चर्चच्या शाळेसारखी शाळा आपल्या वस्तीत नव्हती. वाजवणे हे काम गावाने आपल्या समाजांवर टाकले होते. वाजवायचे, पण देवळाबाहेर उभे राहून. वरातीला पुढे आणि पंगतीला सर्वांत मागे. नाना चौदाव्या वर्षी बँडमध्ये खुळखुळा वाजवायला लागले. मग झांज, मग साइड ड्रम, आणि विसाव्या वर्षी ट्रंपेट. हॉटेलातल्या रेडिओवर गाणे लागले की चहाचा कप हातात धरून ते ट्रंपेटचा तुकडा कानात साठवायचे आणि रात्री कालव्याच्या कडेला जाऊन ओठांवर बसवायचे. चिक चॉकलेटचे नाव त्यांना आम्ही सांगेपर्यंत माहीत नव्हते. त्याचे सूर मात्र पन्नास वर्षांपासून पाठ होते.

आम्ही त्यांना स्मिथची गोष्ट सांगितली. नाना बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्येला निदान येक रेकॉट भेटली. पर त्येच्या पार्टीतल्या मानसांची नावं तुमाला कशी कळली?"

प्रश्न बरोबर होता. ती नावे कळली, कारण कुणीतरी ती जपली. वादकांनी जाहिराती, फोटो, कात्रणे सांभाळली. संग्राहकांनी तबकड्या भंगारात जाऊ दिल्या नाहीत. पत्रकार नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझचा हा इतिहास शोधून ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ याच नावाचे पुस्तक २०१२ साली लिहिले. कागद होता म्हणून नावे राहिली. कागद नसता तर ‘सिम्फोनियन्स’ एवढेच उरले असते.

मग आम्हीही कामाला लागलो. कुंजीरवाडीच्या एका घरात १९८७ सालच्या लग्नाचा अल्बम निघाला. एका फोटोत नवरदेवाच्या घोड्यापुढे लाल ड्रेसमधले नाना दिसतात, गाल फुगलेले आणि ट्रंपेट आभाळाकडे. फोटोवाल्याच्या हातून चुकून राहून गेलेला फोटो! कॅसेटचे गायक आज हयात नाहीत, पण ढोलकीवाले आहेत. त्यांनी लेखी दिले की त्या कॅसेटमधले ट्रंपेट यांचेच. बँडच्या जुन्या मालकाच्या मुलाने किती वर्षे नोकरी केली त्याचे पत्र दिले. ग्रामपंचायतीचा दाखला घेतला. सगळ्यांच्या झेरॉक्स जोडून अर्ज दाखल केला आणि पोच घेतली. मंजुरीची वाट पाहत आहोत.

या सगळ्यातून आम्ही जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवतो. घरातले लग्नाचे, जयंतीचे, मिरवणुकीचे जुने फोटो बाहेर काढा आणि पेन्सिलने मागे नावे व साल लिहा. घरातली जाणती माणसे आहेत तोवरच ती सांगतील. कार्यक्रमाची पत्रिका छापताना गायकाबरोबर ढोलकी, हार्मोनियम, कोरस यांचीही नावे छापा. दोन ओळींनी छपाईचा खर्च वाढत नाही. आपली मुले आता मोबाईलवर गाणी करून यूट्यूबवर टाकतात. त्यांना सांगा, गाण्याखाली वाजवणाऱ्याचे नाव घाला. जे बँड किंवा गायनपार्टी चालवतात त्यांनी आपल्या माणसाला काम सोडताना वर्षे लिहून सहीशिक्क्याचे पत्र द्यावे. आणि ज्यांच्या घरात असा ज्येष्ठ कलाकार आहे त्यांनी अर्जाला आळस करू नये. दरमहा पाच हजारांत औषधपाणी तरी निघते.

अर्ज दाखल करून परतलो त्या संध्याकाळी नानांनी ती कॅसेट पुन्हा पुढे केली. "भाऊ, तुमचं अक्षर चांगलं हाय. हितं माझं नाव लिवा."

आम्ही म्हटले, "नाना, आता पेनाने लिहिलेले पुरावा म्हणून चालणार नाही."

"सायबाला चालू नये. माज्या नातवाला चालंल."

‘आणि पार्टी’च्या पुढे कंस करून आम्ही त्यांचे पूर्ण नाव लिहिले आणि त्यापुढे ‘ट्रंपेट’. नातू पहिलीत आहे. त्याने एकेक अक्षर जोडून ते मोठ्याने वाचले.

ते नाव आज इथे छापलेले नाही, याचा वाचकांनी राग मानू नये. अर्ज निकाली निघेपर्यंत पेपरात नाव नको, असे नानांचेच म्हणणे आहे. मंजुरी आली की पहिली बातमी याच सदरात येईल, आणि तेव्हा नाव पूर्ण असेल.